स्टेअरिंगखालचा स्विच आणि अभेदाचा प्रश्न

वस्तूचा एखादा अवयव काढून त्याच्या जागी दुसरा बसवल्यावर उरते ती वस्तू पूर्वीचीच म्हणावी की नवी, आणि 'तीच' म्हणायची असेल तर कशाच्या बळावर, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र आणि घट या दृष्टांतांतून शेकडो वर्षे चर्चिला आहे. दृष्टांत म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असलेले उदाहरण. त्यामुळे तो रोजच्या व्यवहारातला असावा लागतो, आणि रथ रस्त्यावरून नाहीसा झाल्यावर त्याची जागा दुसऱ्या एखाद्या वाहनाने घ्यावी, याला प्राचीन दार्शनिकांचीही हरकत नसावी. प्रस्तुत विवेचनासाठी निवडलेला दृष्टांत अमेरिकेतील पिकअप ट्रकचा, आणि त्यातही स्टेअरिंगच्या दांड्यावर बसवलेल्या विजेच्या दोन लहान भागांचा आहे. हे भाग बदलणे गॅरेजमध्ये मामुली काम समजले जाते. पण त्यांपैकी एका भागाच्या बाबतीत 'तोच' हे विशेषण निष्काळजीपणे वापरले गेल्याचा परिणाम किती दूरवर जातो, हे अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रकरणाने दाखवून दिले आहे.

स्टेअरिंग कॉलम म्हणजे चालकाच्या हातातील चक्रापासून खाली पुढच्या चाकांना वळवणाऱ्या यंत्रणेपर्यंत जाणारा दांडा आणि त्याभोवतीचे स्थिर आवरण. सुरुवातीच्या काळात त्यावर विजेचा म्हणावा असा भाग बहुतांशी हॉर्नपुरताच असे. अमेरिकी मोटारींत १९७० च्या सुमारास चोरीला आळा घालण्यासाठी चावी काढल्यावर स्टेअरिंग किंवा वाहनाची हालचाल अडवणाऱ्या कुलपाची सक्ती झाली, तेव्हा बहुतेक मोटारींत चावीचे कुलूप आणि त्यामागचा इग्निशन स्विच, म्हणजे चावीच्या फिरण्यानुसार निरनिराळ्या मंडलांना वीज देणारा भाग, डॅशबोर्डवरून कॉलमवर आला. पुढे चालकासमोर एअरबॅग आली आणि १ सप्टेंबर १९९८ पासून तयार होणाऱ्या हलक्या ट्रकांनाही ती बंधनकारक झाली. एअरबॅग चक्राच्या मध्यभागी असते आणि चक्र फिरते; तिला वीज पुरवणारी व्यवस्था मात्र कॉलमवर स्थिर असते. जुन्या हॉर्नसाठी तांब्याच्या कड्यावर घासणारा ब्रश पुरेसा होता, कारण हॉर्न क्षणभर अडखळला तरी काही बिघडत नाही. एअरबॅगच्या बाबतीत असा क्षणभराचा खंडही चालत नाही. म्हणून क्लॉक स्प्रिंग नावाचा भाग वापरात आला. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत तारांची एक पातळ पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. तिचे बाहेरचे टोक कॉलमला जखडलेले असते, आतले टोक चक्राबरोबर फिरते, आणि चक्र उजवीकडे किंवा डावीकडे वळेल तशी पट्टी सैल किंवा घट्ट होते.

हा भाग बदलण्याची रीत त्याच्या स्वभावातूनच ठरते. पुढची चाके सरळ ठेवावी लागतात, बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे लागते, कारण एअरबॅगच्या मंडलात साठलेली वीज ओसरण्यापूर्वी हात घालणे धोक्याचे असते. मग एअरबॅग काढून, चक्र व दांडा यांच्या जोडावर खूण करून, चक्र पुलरने ओढून घ्यावे लागते. नवी क्लॉक स्प्रिंग नेमक्या मध्यावर ठेवून, तिला अडकवलेली पिन किंवा चिकटपट्टी बसवून झाल्यावरच काढायची असते. मध्य चुकला तर चक्र एका बाजूला पूर्ण वळवल्यावर पट्टी ताणून तुटते. तुटल्याची लक्षणेही ठरलेली आहेत: एअरबॅगचा दिवा पेटलेला राहतो, हॉर्न वाजत नाही, चक्रावरची बटणे निकामी होतात, आणि वाहन मात्र पूर्वीसारखेच धावत राहते.

क्लॉक स्प्रिंगच्या या डबीत सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांचा एक प्रसिद्ध आक्षेप जणू यंत्ररूपाने मांडलेला आहे. न्याय आणि वैशेषिक ही दर्शने अवयवी नावाचे द्रव्य मानतात. अवयवी म्हणजे अवयवांपासून बनलेली, पण त्यांच्या बेरजेहून वेगळी अशी एक सलग वस्तू, जी आपल्या प्रत्येक अवयवात समवाय नावाच्या अतूट संबंधाने राहते. धर्मकीर्तींचा प्रश्न असा की शरीर जर खरोखर एक असेल तर हात हलताना सगळे शरीर हलले पाहिजे, आणि हलत नसेल तर एकाच वस्तूत चलन आणि अचलन हे विरुद्ध धर्म एकत्र आले असे म्हणावे लागेल, जे अशक्य आहे. यावर अवयवाची क्रिया वेगळी आणि अवयवीची क्रिया वेगळी असे उत्तर दिले जाते. पण मग हलणारा हात आणि न हलणारे शरीर ही वस्त्र आणि पाणी यांच्यासारखी वेगवेगळी उपलब्ध झाली पाहिजेत, असे पुढचे उत्तरही त्यांनी तयार ठेवले आहे. पिकअपचे चक्र फिरते आणि कॉलम फिरत नाही. दोन्ही एकाच वाहनाचे आहेत, आणि त्या दोहोंना जोडण्याचे काम ज्या पट्टीकडे सोपवले आहे ती स्वतः एका टोकाला चल आणि दुसऱ्या टोकाला अचल आहे. विरोध मिटलेला नाही. तो फक्त एका लहान डबीत नेऊन ठेवला आहे. धर्मकीर्ती पट्टीचेही तुकडे करायला सांगतील आणि शेवटी परमाणूंपाशी येऊन थांबतील, आणि तर्काच्या दृष्टीने त्यांना तेथपर्यंत जाण्यापासून अडवणे कठीण आहे.

नैयायिकांचे खरे बळ दुसऱ्या युक्तिवादात आहे. अवयवी नसता तर एखाद्या वस्तूला एका ठिकाणी धरून संपूर्ण उचलता किंवा ओढता आली नसती, असे न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. वाळूच्या ढिगाची मूठ धरली तर मूठभर वाळूच हाती येते, घटाचा काठ धरला तर घट येतो. चालक चक्राचा काठ धरून फिरवतो आणि दोन टनांचे वाहन वळते, ही गोष्ट त्या युक्तिवादाला अनुकूल आहे. तरीही ती निर्णायक नाही. वाहन वळते ते यंत्रणेच्या जोडणीमुळे, आणि जोडणी म्हणजे संयोग, म्हणजे दोन द्रव्यांचा तुटू शकणारा संबंध, समवाय नव्हे. बौद्ध पक्षाला तेवढे पुरेसे असते. या एका मुद्द्यावर न्यायपक्ष आपल्या पुराव्यातून जितके निघते त्याहून अधिक काढतो, असे म्हणावे लागते.

एका क्षणीचे ऐक्य बाजूला ठेवून कालांतराने टिकणाऱ्या ऐक्याकडे वळले की वैशेषिकांची भूमिका अधिक विलक्षण होते. त्यांच्या मते अवयवांचा संयोग हे अवयवीचे असमवायिकारण आहे, म्हणजे जे नष्ट होताच कार्यही नष्ट होते असे कारण. वस्त्रातून एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांपासून खंडपट नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. पाहणाऱ्याला ते तेच वाटते एवढेच. हा नियम प्रामाणिकपणे लावला तर क्लॉक स्प्रिंगचा शेवटचा स्क्रू निघताच जुना ट्रक नाहीसा झाला, तिच्याविना उभा असलेला एक खंडट्रक निर्माण झाला, आणि नवी स्प्रिंग बसताच तिसरा ट्रक जन्माला आला. हे हास्यास्पद वाटते खरे, पण अवयवी द्रव्य आहे असे एकदा मानल्यावर या निष्कर्षापासून न पळणारे वैशेषिक बौद्धिकदृष्ट्या निर्भय होते हे मान्य केले पाहिजे. ज्यांना तो नको आहे त्यांनी वाहनाचे ऐक्य कोणत्या भागात आहे ते दाखवावे. कायदा याबाबतीत सावध आहे. अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक वाहनाला प्रमाणित १७ अक्षरांकांचा ओळखक्रमांक असतो आणि कॉलमवरचे सगळे विजेचे भाग बदलले तरी तो बदलत नाही. महाराष्ट्रातील परिवहन कार्यालयाच्या नोंदीतही चासी आणि इंजिन यांचे क्रमांक लिहिले जातात, स्विचचा नाही. एका भागाच्या बाबतीत मात्र अमेरिकी कायदा आग्रही आहे. वाहन किती धावले ते मोजणारा ओडोमीटर बदलला आणि जुना आकडा नव्यावर आणता आला नाही, तर नवा शून्यावर ठेवून, जुना आकडा आणि बदलाची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. बदलास मनाई नाही. बदल लपवण्यास मनाई आहे.

व्यवहारात 'तीच गाडी' असे ज्ञान होते त्याला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात: पूर्वी पाहिलेल्याचे स्मरण आणि समोरच्याचे प्रत्यक्ष यांच्या मिलाफातून होणारी ओळख. नैयायिकांनी आत्म्याच्या नित्यत्वासाठी तिचा पुरावा म्हणून उपयोग केला. जे डोळ्यांनी पाहिले तेच हाताने स्पर्शिले, अशी ओळख एकच ज्ञाता असल्याशिवाय संभवत नाही, असा त्यांचा आशय. बौद्धांनी उत्तर दिले की दिव्याची ज्योत प्रतिक्षणी नवी असते, कापलेले केस आणि नखे पुन्हा उगवतात, तरी त्यांच्याविषयीही 'तीच ज्योत', 'तेच केस' अशी ओळख होते. म्हणजे ओळख ही ऐक्याची साक्षीदार नसून सादृश्याने झालेला भ्रम असू शकते. पिकअपच्या इग्निशन स्विचमध्ये हा भ्रम चालकाच्या हातातच असतो. अनेक अमेरिकी पिकअपांत चावीचे कुलूप आणि विजेचा स्विच हे दोन वेगळे भाग असतात. स्विचमधील तांब्याचे स्पर्शबिंदू वर्षानुवर्षांच्या उष्णतेने झिजले की कधी रेडिओ, कधी पंखा, कधी डॅशबोर्डवरचे काटे मध्येच बंद पडतात आणि स्विच बदलावा लागतो, पण कुलूप आणि चावी जुनीच राहते. चालकाची बोटे जे ओळखतात ते बदललेले नसते, आणि जे बदललेले असते त्याला त्याची बोटे कधी लागलेलीच नसतात.

सतराव्या शतकातील नैयायिक विश्वनाथ पंचानन यांनी आपल्या मुक्तावलीत या गुंत्याची एक गाठ नेमकी सोडवली आहे. प्रसंग ध्वनीच्या नित्यत्वाचा आहे: 'हा तोच क-कार' अशी ओळख होत असल्याने क-कार नित्य मानावा, असे मीमांसक म्हणतात, विश्वनाथ उत्तर देतात की अशी ओळख साजात्यावर, म्हणजे एकाच जातीचे असण्यावर आधारलेली असते, आणि 'तेच औषध' असे म्हणतानाही तसेच घडते. कोणी मागील महिन्याचेच औषध पुन्हा घेतो म्हणतो तेव्हा ती जुनी गोळी परत आलेली नसते, त्याच जातीची दुसरी असते, आणि बोलणारा खोटे बोलत नसतो. म्हणजे 'तोच' या पदाला दोन न्याय्य अर्थ आहेत. एक तद्व्यक्तीचा, म्हणजे प्रत्यक्ष त्याच वस्तूचा, दुसरा साजात्याचा. सुट्या भागांचा सारा व्यापार दुसऱ्या अर्थावर उभा आहे. दुकानदाराकडे 'तोच स्विच' मागणारा मेकॅनिक झिजलेला जुना स्विच मागत नाही, आणि डबीवरचा भागक्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या जातीच्या प्रत्येक नगाला दिलेला आकडा, हे साजात्याचे लेखी आश्वासन असते. विश्वनाथांनी साजात्य आहे की नाही हे कसे ओळखावे याची चर्चा तेथे केली नाही. क-काराच्या बाबतीत कान पुरेसा होता.

स्विचच्या बाबतीत कान, डोळा, हात यांपैकी काहीच पुरेसे ठरले नाही. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन आणि त्यांच्या जोडीच्या लहान मोटारींत, म्हणजे पिकअपमध्ये नव्हे पण त्याच कॉलमवरच्या भागात, बसवलेला इग्निशन स्विच ठरलेल्या मापापेक्षा कमी जोराने फिरत असे. चावीच्या जुडग्याचे वजन किंवा गुडघ्याचा धक्का एवढ्याने चावी चालू स्थितीतून मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टेअरिंगला मिळणारे शक्तीचे साहाय्य जाई, आणि एअरबॅगही अपघाताच्या वेळी उघडत नसे. हा स्विच मापात बसत नसतानाही २००२ मध्ये मंजूर झाला होता. २००६ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. चावीला जागेवर धरणारा खटका बदलला, स्प्रिंग अधिक ताठ झाली, पण भागक्रमांक जुनाच ठेवण्यात आला. आकार, बसण्याची जागा किंवा कार्य यांत बदल झाला की क्रमांक बदलावा, ही यंत्र-उद्योगातली सर्वमान्य शिस्त आहे. ती मोडल्याचा परिणाम ज्ञानावर झाला. कंपनीचेच तपास करणारे अभियंते पुढची काही वर्षे या कोड्यात अडकले की जुन्या मोटारींत एअरबॅग उघडत नाहीत आणि नंतरच्या मोटारींत तसे घडत नाही, तर मध्ये बदलले काय; कागदावर स्विच तोच होता. अखेर एका दाव्यातील फिर्यादीच्या अभियंत्याने २०१३ मध्ये जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून, उघडून, आतले अंतर दाखवले.

वैशेषिकांनी जे तत्त्व म्हणून मांडले त्याची उलटी बाजू येथे दिसते. त्यांना भीती होती की वस्तू नवी असून लोक तिला तीच म्हणतील. येथे लोकांना तसे म्हणण्यास कागदाने भाग पाडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने मोटारी परत बोलावण्यास सुरुवात केली, आणि मार्चच्या अखेरीस ही परतबोलावणी २००८ ते २०११ सालच्या, म्हणजे मुळात सुधारलेला स्विच घेऊन आलेल्या मोटारींपर्यंत वाढवावी लागली, कारण दुरुस्तीच्या वेळी त्यांत त्याच क्रमांकाचा जुना सदोष स्विच बसला असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. परत बोलावलेल्या मोटारी एकूण सुमारे २६ लाख झाल्या. दुरुस्ती करणाऱ्याने क्रमांक ताडून पाहिला होता. चूक त्याच्या हाताची नव्हती.

यावर एक सोपा बौद्ध निष्कर्ष काढता येईल आणि तो टाळला पाहिजे. तो असा की वाहन, स्विच, क्रमांक ही सगळी नावेच आहेत, परमार्थतः त्यांच्यामागे काही नाही, त्यामुळे नाव चुकले याचे फार काय वाटून घ्यायचे. परमार्थ म्हणजे अंतिम सत्य आणि संवृती म्हणजे व्यवहारातले, परस्परसंमत सत्य, हा भेद माध्यमिक बौद्धांनी केला हे खरे. पण त्यांच्यातल्याच आठव्या शतकातील ज्ञानगर्भांनी संवृतीचेही दोन प्रकार मानले, एक तथ्यसंवृती आणि दुसरी मिथ्यासंवृती, आणि त्यांच्यातला फरक अर्थक्रियेवर, म्हणजे वस्तू अपेक्षित काम करते की नाही यावर ठरवला. मृगजळ आणि पाणी दोन्ही परमार्थतः शून्य असली तरी तहान एकानेच भागते. या कसोटीवर भागक्रमांक ही पूर्णपणे मानवी संकेताची गोष्ट असूनही खरी किंवा खोटी असू शकते: २००६ पूर्वी तो एका वाईट स्विचचे खरे नाव होता, आणि त्यानंतर तो दोन स्विचांचे एकच नाव, म्हणून खोटे नाव झाला. जेथे अंतिम द्रव्य हाती लागत नाही तेथे संकेत पाळण्याची जबाबदारी हलकी होत नाही, उलट तेवढाच आधार उरल्यामुळे ती वाढते.

मिलिंदप्रश्नातील नागसेन ही गोष्ट पुरेपूर जाणून होते, जरी त्यांचे स्मरण बहुधा फक्त रथाच्या संवादासाठी केले जाते. यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मिनँडर, यास ते विचारतात की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, सांगाडा, जू, लगाम, चाबूक यांपैकी काही रथ आहे काय. आणि प्रत्येकाला नाही असे उत्तर मिळाल्यावर रथ ही या सर्वांच्या आधारे होणारी प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारासाठी दिलेले नाव, असे ठरते. (चाबूक रथाचा अवयव कसा, हे राजाने विचारायला हवे होते, चालकाचा हात त्याहून अधिक अवयव ठरला असता.) पण त्याच ग्रंथात आंब्याच्या चोराचा दाखला आहे. चोर म्हणतो की मालकाने पेरले ते आंबे वेगळे आणि झाडावरून नेले ते वेगळे, तेव्हा अपराध घडलाच नाही. तद्व्यक्तीच्या अर्थाने त्याचे म्हणणे बरोबर आहे. तरी तो दंडास पात्र आहे, कारण नंतरचे आंबे पूर्वीच्यांच्या आधारानेच झाले. ऐक्य नसले तरी संतती, म्हणजे कार्यकारणाची अखंड साखळी, आहे, आणि उत्तरदायित्व तिच्यावरून चालत येते. नागसेन हा दाखला पुनर्जन्मासाठी देतात: पुढे जन्मणारा तोच नसतो, म्हणून पूर्वीच्या कर्मातून सुटतो असे नाही.

हाच युक्तिवाद एकविसाव्या शतकात न्यायालयात ऐकू आला, आणि या वेळी बदललेला अवयवी म्हणजे कंपनी स्वतः होती. जनरल मोटर्सने जून २००९ मध्ये दिवाळखोरी पत्करली आणि जुलैमध्ये तिची मुख्य मालमत्ता त्याच नावाच्या एका नव्या कंपनीने विकत घेतली. कारखाने तेच, बोधचिन्हे तीच, स्विचही तोच. नवी होती ती कायद्याच्या नजरेतली व्यक्ती, आणि विक्रीच्या आदेशात जुन्या कंपनीविरुद्धच्या बऱ्याच दाव्यांपासून तिला मोकळीक देण्यात आली होती. स्विचचे दावे सुरू झाल्यावर नव्या कंपनीने त्या मोकळिकीचा आधार घेतला, म्हणजे थोडक्यात ते आंबे वेगळे होते असे सांगितले. २०१५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने हे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते उलटवले, आणि त्याचे कारण द्रव्याचे ऐक्य हे नव्हते: ज्या मोटारमालकांचे हक्क विक्रीच्या आदेशाने हिरावले जात होते त्यांना त्याची सूचनाच देण्यात आली नव्हती, त्यामुळे तो आदेश त्यांच्यावर बंधनकारक ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ओडोमीटरच्या कायद्यामागे जी दृष्टी आहे तीच ही. बदल करणारा बदलाची खबर देत नसेल तर बदलाचा लाभ त्याला घेता येत नाही.

अभेदाचा प्रश्न यामुळे तत्त्वतः सुटतो असे नाही. अवयवी आहे की नाही याबाबत धर्मकीर्तींचा आक्षेप क्लॉक स्प्रिंगच्या डबीत अजून शाबूत आहे, आणि साजात्य कशाने ओळखावे याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नैयायिकांकडेही नाही. व्यवहारापुरता निर्णय मात्र देता येतो: पिकअपचा स्विच बदलणाऱ्याला 'तीच गाडी' म्हणण्याचा अधिकार आहे, पण हा अधिकार स्विच बनवणाऱ्याने साजात्य मोडताच नाव बदलले असेल तेवढ्यापुरताच आहे. कंपनीने स्थापन केलेल्या नुकसानभरपाई निधीने स्विचच्या दोषाशी निगडित १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. अपील न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध कंपनीने केलेली याचिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ऐकण्यास नकार दिला.